इसार आधी, भाव मागाहून

आमच्या दोन घरांमधलं कुंपण पांढऱ्या प्लॅस्टिकचं, जेमतेम खांद्याएवढं. हरणं त्याला अजिबात जुमानत नाहीत, एका उडीत आत येऊन टोमॅटो आणि गुलाब दोन्ही चरून जातात. पण गप्पांसाठी ही उंची अशी बेतशीर आहे की विचारू नका. कोपर टेकता येतं, वाटी ठेवता येते, आणि नको तो विषय निघाला तर पटकन खाली वाकून तण उपटत बसता येतं.

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा होता. न्यू जर्सीत या दिवसांत एका रात्री अचानक पारा बत्तीस फॅरनहाइटला टेकतो आणि सकाळी अळूची पानं उकडल्यासारखी काळी पडलेली असतात. म्हणून शेजारणीच्या सासूबाई, म्हणजे माई, सकाळपासून काळ्या देठाचं अळू कापत बसल्या होत्या. माई सांगलीच्या. सहा महिन्यांसाठी आलेल्या, त्यातला पाचवा चालू. मी मिरच्या तोडत होते. तेवढ्यात सूनबाई चहाचा मग घेऊन बाहेर आली आणि कुंपणाला टेकून एकदम खालच्या आवाजात म्हणाली, "काकू, तुमच्याकडे अर्ली केलं होतं ना?"

तिनं आवाज का उतरवला ते मला कळलं. आम्ही प्लेन्सबरोत आलो तेव्हा मराठीत काहीही बोललं तरी झाडांनाच कळायचं. आता या गल्लीत आमची दोन सोडून मराठी समजणारी तीन घरं आहेत आणि तिन्ही घरांत बारावीची मुलं.

"केलं होतं," मी म्हटलं. "का गं? तुझ्या चिऊचं काय ठरतंय?"

"तेच तर ठरत नाहीये. एक तारखेला कॉर्नेलची अर्ली डिसिजनची मुदत. हे म्हणतात, टाकून दे. कोपऱ्यावरच्यांच्या मुलाला मागच्या वर्षी डिसेंबरातच कुठेतरी लागलं ना, तेव्हापासून यांच्या डोक्यात तेच."

कोपऱ्यावरच्यांचं सगळ्या गल्लीला माहीत आहे. निकाल आला त्या रात्री अकराला आमच्या दारावर पेढे आले, आणि दुसऱ्या दिवशी गाडीच्या मागच्या काचेवर कॉलेजचं स्टिकर. मुलगा अजून शाळेतच होता, पण गाडी कॉलेजला गेली.

माईंनी विळी थांबवली. "मला एकदा नीट सांगा बघू. अर्जच करायचाय ना? मग लवकर केला काय आणि उशिरा केला काय?"

आता हे सांगायचं म्हणजे पाठ आहे मला, पण मराठीत सांगायची वेळ फारशी आली नव्हती. मी म्हटलं, "माई, लवकरच्या अर्जाच्याही जाती आहेत. एक अर्ली अ‍ॅक्शन. लवकर अर्ज करा, बहुतेक ठिकाणी नाताळच्या सुमाराला किंवा नव्या वर्षाच्या सुरुवातीला कळतं. मिळालं तरी तुम्ही मोकळ्या. मे महिन्याच्या एक तारखेपर्यंत बाकीच्यांची उत्तरं बघा आणि मग ठरवा. पर्ड्यू, रटगर्स, एमआयटी या रांगेत. दुसरी जात आपल्या इथल्या प्रिन्स्टनची. ते बांधून घेत नाहीत, पण त्याच वेळी दुसऱ्या खाजगी विद्यापीठात लवकरचा अर्ज करू देत नाहीत, सरकारी विद्यापीठ चालतं. आणि तिसरी ही अर्ली डिसिजन. एकाच ठिकाणी करायचा. घेतलं तर जायचंच आणि बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यायचे. त्या कागदावर मुलीची सही, आईवडिलांपैकी एकाची सही आणि शाळेतल्या काउन्सेलरची सही."

"म्हणजे इसार," माई म्हणाल्या.

मला तो शब्द ऐकून कित्येक वर्षं झाली होती. जमिनीचा व्यवहार, बैलाचा व्यवहार, आधी इसार. दिला की मागे फिरायचं नाही.

"बरोबर, इसारच."

"मग भाव किती ठरलाय?"

सूनबाई चहाच्या मगात बघायला लागली. मी म्हटलं, "माई, भाव नंतर कळतो. छापील भाव माहीत आहे, खाणंपिणं-राहणं धरून वर्षाला नव्वद हजार डॉलरच्या पुढे. पण त्यातला आपल्याला किती सोडणार, हे घेतलं म्हणून कळवतात तेव्हाच कळवतात."

माईंनी हातातलं पान बाजूला ठेवलं. "खरसुंडीच्या जत्रेत माझे वडील खिलार बैल घ्यायचे. हातावर रुमाल टाकून आत बोटं दाबायची. बघणाऱ्याला कळायचं नाही कितीला गेला, पण घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला तर कळायचं! हे कसलं हो, घेणाऱ्यालाच रुमालाबाहेर ठेवायचं?"

यावर मी आणि सूनबाई दोघी हसलो. पण मी जरा जास्तच मोठ्यानं हसले, आणि त्याचं कारण मला माहीत होतं.

खरं सांगायचं तर पळवाट ठेवलेली असते. मदत पुरत नसेल तर तसं कळवून सुटता येतं, पोलीस येत नाहीत. शिवाय २०११ पासून जवळजवळ प्रत्येक कॉलेजला आपल्या साइटवर अंदाजी खर्च काढून देणारं गणित ठेवावंच लागतं. पगार, शिल्लक, घर सगळं भरा, ते आकडा सांगतं. पण पुरत नाही म्हणजे नक्की किती पुरत नाही, हे कोणाच्या दृष्टीनं? कॉलेजच्या गणितात आमच्यासारखी दोन पगारांची घरं श्रीमंत असतात. शिवाय कॉर्नेल काय, हार्वर्ड काय, त्या आयव्ही लीगच्या आठांपैकी कोणीच हुशारीची स्कॉलरशिप देत नाही, गरज बघून जे काय द्यायचं ते देतात. मुलीनं चंद्र आणून दिला तरी फी तीच.

"ते गणित केलंत का?" मी विचारलं.

"केलं. जवळजवळ पूर्ण रक्कम आमच्यावरच येते," ती म्हणाली. "पण हे म्हणतात, आकडे बघ. एकंदरीत शंभरात अकरा, लवकर गेलं तर शंभरात चोवीस. दुपटीच्या वर."

हे आकडे तिच्या नवऱ्याच्या एक्सेलमधले. जुने आहेत, पण चुकीचे नाहीत. २०२० साली सुरू होणाऱ्या वर्गासाठी कॉर्नेलनं अर्ली डिसिजनच्या ६,६१५ अर्जांतून १,५७६ मुलं घेतली, म्हणजे चोवीसच्या जवळ, आणि वर्षभराचा एकूण आकडा होता अकराच्या आत. पण मला त्या आकड्यात कोण कोण बसलंय ते माहीत आहे. कोचनं आधीच हेरून ठेवलेले खेळाडू त्यात, ज्यांचे आईबाप तिथेच शिकले ती लेगसीवाली त्यात. आणि आकडा अख्ख्या विद्यापीठाचा. हॉटेल चालवायला शिकणारी आणि शेती शिकणारीही त्यातच, इंजिनिअरिंगचं वेगळं काही नाही. चिऊसारख्या मुलीच्या वाट्याला त्या चोवीसातले किती येतात, हे त्या एक्सेलला माहीत नाही.

आणि जिथं बांधून घेत नाहीत तिथलं बघा. एमआयटीनं २०२३ च्या डिसेंबरात १२,५६३ लवकरच्या अर्जांतून ६६१ घेतली. शंभरात पाच. त्या वर्षीचा एकूण आकडा साडेचार. म्हणजे लवकर उठल्याचं बक्षीस तिथं फारसं नाही. ते असलंच तर बांधून घेण्याचं असतं. कॉलेजला डिसेंबरातच माहीत होतं की एवढी मुलं नक्की येणार, एवढ्या फिया नक्की येणार. काही ठिकाणी निम्मा वर्ग असा नाताळाआधीच भरतो. मग मार्चात उरलेल्या खुर्च्यांसाठी झुंबड.

हा काही माझ्या एकटीचा कडवटपणा नाही. २००६ साली हार्वर्ड आणि आमच्या शेजारच्या प्रिन्स्टननं लवकरचे अर्ज बंदच करायचं जाहीर केलं होतं. कारण हेच दिलं की ज्यांना भावाची तुलना करावी लागते त्या घरांवर अन्याय होतो. गावात तेव्हा त्याची केवढी चर्चा! पण बाकीचे फारसे मागे आले नाहीत, आणि २०११ मध्ये दोघांनीही लवकरचा अर्ज पुन्हा चालू केला, फक्त न बांधणारा. प्रिन्स्टनचा आधीचा बांधणारा होता, एवढा फरक तरी पडला.

"पण तुमच्याकडे तर चांगलंच झालं ना, काकू?" सूनबाई म्हणाली.

मी खाली वाकले. मिरचीच्या बुडाशी तण काही नव्हतं.

चांगलंच झालं. आमचा मुलगा २०१२ च्या हिवाळ्यात अर्ली डिसिजननं एका नावाजलेल्या ठिकाणी लागला. कुठं ते सोडा. कळलं त्या रात्री मी बासुंदी केली होती. दोघांचे पगार होते, त्यामुळे मदत शून्य. घरावर कर्ज काढलं. बाकीचे अर्ज मागे घेतल्याची पत्रं मुलानं त्याच आठवड्यात टाकली. आणि जानेवारीत, पत्रपेटीत, एक जाड पाकीट. दुसऱ्या एका कॉलेजचं. आमचं नकाराचं पत्र आणि त्यांचं होकाराचं पत्र वाटेत एकमेकांना चुकवून गेलं असणार. इंजिनिअरिंगलाच जागा, आणि चार वर्षांची पूर्ण फी माफ. मी ते उभ्या उभ्या वाचलं, बर्फ वितळून बुटात जात होता. यांनी काही न बोलता ते पाकीट कराच्या कागदांच्या फाइलमध्ये ठेवलं. मुलाला आम्ही सांगितलं नाही. कर्जाचा शेवटचा हप्ता गेला त्याला आता दोन वर्षं होतील.

मुलाला विचाराल तर तो म्हणेल, आयुष्यातला सगळ्यात शहाणा निर्णय. बायकोही त्याला तिथंच भेटली. मग मी काय बोलायचं? सून चांगली आहे.

एवढं सगळं मी कुंपणावरून सांगितलं नाही, अर्थात. "झालं चांगलं," एवढंच म्हटलं. माईंनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा पानाच्या शिरा लाटण्यानं चेपायला लागल्या. म्हाताऱ्या माणसांना काही सांगावं लागत नाही.

तेवढ्यात चिऊच मागच्या दारातून आली. रोबोटिक्सच्या टीमचा टी-शर्ट, हाताला ग्रीस.

"काय गं, तुझं काय म्हणणं आहे?" मी सरळ विचारलं. सूनबाई मला डोळ्यांनी दटावत होती.

या मुलीचं मला नेहमी कौतुक वाटतं. तिच्या वयाच्या सगळ्यांना कॉम्प्युटर सायन्स हवं असतं, हिला पाणी हवंय. २०२१ च्या सप्टेंबरात आयडा वादळाचं पाणी न्यू जर्सीत घुसलं, तेव्हा ही आठवीत. पण वेड त्याच्याही आधीचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा सांगलीत शिरली होती आणि ही इथून रोज रात्री माईंना फोन करायची: आजी, आयर्विन पुलावर किती फूट? सांगलीकरांचं सगळं गणित त्या पुलावर चालतं. चाळीस फुटाला सावध, पंचेचाळीसला धोका, आणि त्या वर्षी पाणी सत्तावन्नच्या वर गेलं. चिऊनं वहीत आलेख काढला होता. तिचा कॉमन अ‍ॅपचा निबंध त्याच वहीवर आहे.

"आय लव्ह कॉर्नेल, आजी," ती मला म्हणाली. मलाही आजीच म्हणते. "उन्हाळ्यात गेलो होतो ना, तिथे ते तळ्याच्या तळाचं थंड पाणी आणून अख्खा कॅम्पस गार करतात. दोन हजार सालापासून! आणि धबधब्यावर त्यांचं स्वतःचं वीजघर आहे."

"मग टाक की अर्ज."

"पण सिव्हिल करायचंय मला. सिव्हिलवाल्यांना गूगलसारखा पगार नसतो. आणि पीईचं, म्हणजे प्रोफेशनल इंजिनिअरचं, लायसन्स घ्यायचं तर परीक्षा सगळ्यांना तीच. कॉलेज मान्यताप्राप्त आहे की नाही तेवढंच बघतात, कुठलं ते नाही. मग बाबा एवढे पैसे कशाला देणार?"

"अगं, तू कशाला पैशांची काळजी करतेस?" सूनबाई म्हणाली. हे वाक्य आपल्याकडची प्रत्येक आई म्हणते. मीही म्हटलं होतं. मुलगा मग काळजी करत नाही, आणि आपण करतो.

पर्ड्यूचं मात्र मला तिला सांगायचंच होतं, आणि ते मी आईच्या देखत सांगितलं. न बांधणाऱ्या लवकरच्या अर्जाला लोक दुय्यम समजतात, पण इंजिनिअरिंगच्या बाबतीत चूक तिथंच होते. पर्ड्यूला स्कॉलरशिपसाठी विचारात घ्यायचं तर एक नोव्हेंबरच्या आत अर्ज लागतो. सगळे त्या एका सहीवर आठवडे घालवतात, सप्लिमेंटचे निबंध दहादा खरडतात, आणि या बाजूचा अर्ज राहून जातो. कोपऱ्यावरच्यांच्या मुलीचं असंच झालं होतं, थोरलीचं. त्याचं स्टिकर अर्थातच लागलं नाही. पर्ड्यूनं फी २०१३ पासून गोठवून ठेवली आहे, परराज्यातल्या मुलांनासुद्धा खर्च कॉर्नेलच्या निम्म्याच्या आसपास. नील आर्मस्ट्राँग तिथलाच. आणि रटगर्स तर आपलंच, वीस-पंचवीस मिनिटांवर, डबा पोचवता येईल इतकं.

"डबा नको," चिऊ म्हणाली.

सूनबाईनं तेव्हा खरी गोष्ट सांगितली. अर्ली डिसिजनच्या सहीसाठी पालकाला ईमेलवर दुवा येतो. तो तिला आला होता, तीन दिवसांपूर्वी. तिनं उघडला नव्हता. नवऱ्याला वाटत होतं सही झाली. चिऊला वाटत होतं आई विसरली. रोज रात्री तिघं एका टेबलावर जेवत होती.

"उघडला की दिसतं म्हणे, वाचलं म्हणून," ती म्हणाली. असं काही दिसत नसणार, पण मी बोलले नाही.

तीस तारखेच्या रात्री फ्रॉस्टचा इशारा आला. साडेआठला मी टॉर्च घेऊन बाहेर आले तर चिऊ माझ्याच मिरच्यांवर जुन्या चादरी टाकत होती. माईंनी पाठवलं म्हणाली. आम्ही दोघींनी कडेकडेनं विटा ठेवल्या. एक चादर तिच्या लहानपणची होती, बदकांची.

"आजी, तुम्ही कर्ज किती वर्षं फेडलंत?"

"तुला कोणी सांगितलं?"

"माझी आजी म्हणाली, त्या काकूंना विचार. त्यांचं हसणं बरोबर नव्हतं म्हणाली."

मग मी तिला त्या पाकिटाचं सांगितलं. बारा-तेरा वर्षांत पहिल्यांदाच कोणाला सांगत होते, आणि सांगितलं कोणाला, तर सतरा वर्षांच्या पोरीला, अंधारात, मिरच्यांवर चादर ओढत. तिनं एकच विचारलं.

"आजोबांना राग आला होता?"

"राग नाही गं. पण आधी दिसलं असतं तर बसून बोललो असतो, एवढंच. तिकडेच पाठवलं असतं कदाचित. पण बसून बोललो असतो."

तिनं चादरीचं टोक विटेखाली दाबलं, पुन्हा बाहेर काढलं, नीट घडी केली आणि परत दाबलं.

सकाळी अळू काळं पडलेलं होतं, मिरच्या वाचल्या. अकराच्या सुमाराला पलीकडून लीफ ब्लोअरचा आवाज सुरू झाला. तिचा नवरा. शनिवारचा हा माणूस कधी झाडाचं पान उचलत नाही, त्या दिवशी शुक्रवार असून घरून काम सोडून अंगण झाडत होता. म्हटलं, काहीतरी झालंय.

सूनबाई वाटी घेऊन कुंपणापाशी आली. आत गरम अळूवड्या, वर खोबरं. आदल्या दिवशी कापलेल्या पानांच्या.

"रात्री तिनंच तो अर्ज बदलला," ती म्हणाली. "सहीचं निघालंच नाही. कॉर्नेल जानेवारीत, साध्या रांगेत. पर्ड्यू, रटगर्स आणि जॉर्जिया टेक रात्री दीड वाजता पाठवून टाकले. हे म्हणतायत, चोवीसचे अकरा करून घेतले पोरीनं."

"आणि तू?"

"मी झोपले, काकू. चार दिवसांनी पहिल्यांदा."

ब्लोअर आमच्या बाजूला आला तशी आम्ही गप्प झालो. त्यानं मान हलवून मला नमस्कार केला, मशीन बंद न करताच. पानं सगळी कुंपणाखालून माझ्या अंगणात आली.

माई मागच्या पायरीवर उन्हात बसल्या होत्या. "मग त्या तळ्यावाल्यांचं उत्तर कधी येणार?" त्यांनी ओरडून विचारलं.

"मार्चअखेर, माई!"

"तोवर मी सांगलीत असेन. फोन कर म्हणावं चिऊला. तेव्हा पुलाखाली गुडघाभरसुद्धा पाणी नसतं, मला वेळच वेळ असतो."